सून परदेशातून परत मिळणेबाबत

प्रति,
मा. पीठासीन अधिकारी साहेब,
ज्येष्ठ नागरिक निर्वाह न्यायाधिकरण,
उपविभागीय कार्यालय, वाशिम.

अर्जदार : जानराव तुकाराम इढोळे, वय ७३, सेवानिवृत्त कनिष्ठ सहायक (आवक-जावक), रा. केनवड, ता. रिसोड, जि. वाशिम.

गैरअर्जदार : सौ. वैभवी हरीओम इढोळे (सून), सध्या रा. जर्मनी. पूर्ण पत्ता अर्जदाराला उच्चारता येत नाही.

विषय : आजारी सासू खाटेवर सोडून परदेशातील वृद्धांच्या सेवेला गेलेली सून परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) गैरअर्जदाराने सासूला दिलेला तोंडी शब्द. २) केनवड बसथांब्यावरील फ्लेक्स.

महोदय,

१. मी पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावर उभी हयात घालवली. लोकांचे अर्ज घेताना प्रत्येकाला सांगत आलो की अर्जात रडगाणे नसावे, मुद्दा असावा. तेव्हा मुद्द्यावर येतो. माझी पत्नी सौ. गोमतीबाई जेवत नाही. निर्वाह भत्ता मला नको आहे, पेन्शन वेळेवर येते. मला सून पाहिजे.

२. गोमतीबाईला तीन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळते सर्व, बोलता काही येत नाही. तेव्हापासून तिचे सर्व काही वैभवीने केले. अंघोळ, वेणी, कूस बदलणे, घास भरवणे. तिच्या हातचे खाऊन गोमतीबाईच्या गालावर मांस आले होते हे मी नाकारत नाही. नाकारता आले असते तर हा अर्ज सोपा झाला असता. त्याच काळात तिने माझ्यादेखत सासूचा हात हातात घेऊन म्हटले होते, "आत्याबाई, तुमचं सारं मीच करीन. मले कुठी जायचं हाय?" संदर्भ क्रमांक एक तो हाच.

३. मागील वर्षी दिवाळीनंतर तिने वाशिम येथे रुग्णसेवेचा वर्ग लावला. वर्ग चालविणाऱ्या केंद्राचे नाव लिहीत नाही, उगाच फुकटची जाहिरात होते. मला सांगण्यात आले की, "मामाजी, शिकून घेतलं तं आत्याबाईच्याच कामी येईन." मी खूश झालो. मुलगा हरीओम तिला रोज मोटारसायकलवर सोडून देत असे व मी स्वतः गावात सांगत फिरलो की सून असावी तर अशी. पुढे ती भाकरी थापता थापता काहीतरी अगम्य भाषेत पुटपुटू लागली. मी विचारले, हे काय? तर म्हणे, "औषधांची नावं हायेत, मामाजी." साहेब, मी ते खरे मानले. पाठांतर पक्के व्हावे म्हणून मीच तिला चुलीपासून लवकर उठवीत असे.

४. उन्हाळ्यात केंद्राकडून एक मॅडम व एक सर कॅमेरा घेऊन घरी आले. परीक्षा सुनेची होती, मी समजलो तपासणी बायकोची आहे. वैभवीने गोमतीबाईला कुशीवर वळवले, पाठ पुसली, कण्या भरवल्या, आणि ते दोघे लिहून घेत होते. मला वाटले, एवढे मोठे तज्ज्ञ वाशिमहून केनवडला माझ्या माणसासाठी आले. अशा पाहुण्याला आमच्याकडे कोरडे जाऊ देत नाहीत. मी निंबाखाली गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा बेत केला. वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. शाल व श्रीफळ देऊन दोघांचा सत्कार केला आणि भाषणही केले की आपण आमच्या घरच्या माणसासाठी एवढ्या उन्हातून आलात, हे उपकार इढोळे परिवार विसरणार नाही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आले. ते आमच्या घरच्या माणसासाठीच आले होते, एवढे मात्र खरे निघाले. कोणत्या माणसासाठी, ते मला सोडून सर्वांना ठाऊक होते. माझे रोडगे खाऊन ते माझी सून घेऊन गेले.

५. त्याच दिवसापासून गोमतीबाईच्या उजव्या हातातील सोन्याची पाटली दिसत नाही. आपल्या ताटात जेवलेल्या माणसावर आळ घेणे बरे नव्हे, परंतु हात लुळा, बाईला वाचा नाही, आणि घरात परके दोघेच आले होते. याचीही चौकशी व्हावी.

६. पोळा झाल्यावर मी रिसोडहून परत येताना केनवडच्या थांब्यावर उतरलो, तर समोर फ्लेक्स. 'परदेशात रुग्णसेवेसाठी निवड झाल्याबद्दल सौ. वैभवीताई इढोळे यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून पहिला फोटो माझाच! हातात श्रीफळ, तोंडावर हसू. सत्कारातला फोटो कापून लावला होता. मी तिथेच पिशवी धरून उभा राहिलो. शेजारच्या बेबीबाई भाजी घेत होत्या. त्या म्हणाल्या, "जानरावभाऊ, पेढे कवा देता?" मी म्हणालो, कशाचे? त्यांनी फ्लेक्सकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगा माय! तुमाले मालूम नवतं? साऱ्या गावाले मालूम हाय." साहेब, ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक कागदाची आवक नोंदवली, त्याच्या घरातली सर्वांत मोठी जावक त्याला फ्लेक्सवर वाचायला मिळाली.

७. घरी येऊन जाब विचारला. हरीओम खाली मान घालून बसला. वैभवी बोलली, "मामाजी, तुमाले सांगतलं असतं तं तुमी जाऊ देलं असतं का?" उत्तर 'नाही' असे होते. ती जाताना पाया पडायला वाकली तेव्हा मी पाय मागे घेतले, व त्या दिवसापासून तिच्याशी अबोला धरला. तिचा फोन आला की मी ओट्यावर जाऊन बसतो. हा अबोला चालू असून मोडण्याचा माझा इरादा नाही.

८. आता मुख्य गाऱ्हाणे. जाताना तिने भिंतीवर कागद चिकटवून सर्व लिहून ठेवले. कूस कधी बदलावी, कण्या किती पातळ कराव्या, मान कशी उंच ठेवावी. मी त्यातला काना-मात्रा सोडला नाही. आयुष्यात चुलीजवळ न गेलेला माणूस आज ज्वारीच्या कण्या शिजवतो, ताक घालतो, मीठ चाखून पाहतो. दुसरे म्हणजे मी मनाशी नेम केला की रोग्याचे आधी, आपले नंतर. तिच्या पोटात घास गेल्याशिवाय मी माझ्या ताटाला हात लावत नाही. नवऱ्याने याहून जास्त काय करावे? परंतु चमचा तोंडाशी नेला की ती ओठ घट्ट मिटते आणि धड असलेल्या डाव्या हाताने चमचा माझ्याकडे लोटते. मी विनवण्या केल्या, रागावलो, देवाची आण घातली. एकदा वाटी आपटली, तीही फुटली. दूध घेते, चहा घेते, त्यावर जीव धरून आहे. जेवण म्हटले की तोंड बंद. मग मी तिची वाटी झाकून ठेवतो, नाइलाजाने चुलीपाशी, तिच्या नजरेआड, दोन घास कसेबसे गिळतो, आणि तिच्या कण्या बेबीबाईच्या कुत्र्याला जातात. ते कुत्रे आता आमच्या दारातून हलत नाही.

९. तिच्या झंपराच्या बाह्या ढगळ झाल्या आहेत. गावी येणाऱ्या डॉक्टरांनी परवा पाहून सांगितले की सोमवारपर्यंत पोटात काही गेले नाही तर नाकातून नळी टाकावी लागेल. ते ऐकून गोमतीबाईने डोळे मिटून घेतले. ज्या सुनेने आपल्या हाताने तिला वाटीभर जेवू घातले ती सून आज परदेशातल्या एका म्हाताऱ्या बाईला जेवू घालत आहे, आणि इकडे सासूच्या नाकात नळी जाणार! याला काय न्याय म्हणावा? मला याचा फार संताप येतो, आणि संतापापेक्षा भीती जास्त वाटते.

१०. इतर किरकोळ तक्रारी पुढीलप्रमाणे. दिवाळीनंतर त्या देशाने आपली घड्याळे एक तास मागे घेतली, त्यामुळे तिचा फोन तासभर उशिरा येऊ लागला. याबाबत मला कोणतेही पत्र प्राप्त नाही. तसेच मुलगा हरीओम हा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानातून दुपारी घरी येतो तेव्हा गोठ्यात जाऊन बैलांसमोर 'आईन्स, त्स्वाय, द्राय' असे आकडे म्हणताना मी पकडला आहे. विचारले तर म्हणाला, "मी कुठी चाललो, बाबा? आई हाय तोवर मी इथंच हाय." मग बैलांना जर्मन आकडे कायले पाहिजेत?

११. सबब विनंती की, गैरअर्जदाराला वकिलातीमार्फत नोटीस काढून तात्काळ केनवड येथे हजर करावे. ते शक्य नसल्यास पर्याय असा : ती ज्या परदेशी आजीबाईंची सेवा करते त्यांनाच केनवडला आणावे. आमच्या पडवीत दुसऱ्या खाटेची जागा आहे, हवा मोकळी आहे, निंबाची सावली आहे. एक सून दोघींचे करील. आजीबाईंना कण्या मानवल्या नाहीत तर भात शिजवण्याची जबाबदारी अर्जदार घेईल. त्यांच्या सत्काराचा खर्चही मीच करीन, शाल घरात आहे.

१२. अर्ज येथे संपणार होता. परंतु सही करण्यापूर्वी पुढील प्रकार घडला. कोर्ट फीचे तिकीट चिकटवून झाले असल्याने कागद बदलता येत नाही, म्हणून याच कागदावर पुढे लिहीत आहे. शाई वेगळी दिसते कारण पेन हरीओमचा आहे. माझा खाटेखाली गेला.

आज दुपारी मी वरील मजकूर लिहीत पडवीत बसलो होतो. गोमतीबाईने सकाळीही कण्या घेतल्या नव्हत्या. तिची वाटी व माझे ताट बाजूला झाकून ठेवले होते. हरीओम आला, तेवढ्यात त्याच्या फोनवर वैभवीचा व्हिडिओ कॉल आला. त्याने फोन आईच्या खाटेशी तांब्याला टेकवून उभा केला व तो बैलांना पाणी दाखवायला गेला. नियमाप्रमाणे मी ओट्यावर जायला पाहिजे होते. पण मांडीवर कागद पसरलेले, गुडघ्यात कळ, उठायला वेळ लागला. म्हणून पाहणे भाग पडले.

तिकडे सकाळ होती. वैभवी आमच्याशी बोलत नव्हती, तिचे काम चालू होते. समोर एक म्हातारी बाई, केस पांढरेधोप, मान जराशी कलती, ओठ मिटलेले. हुबेहूब आमच्या गोमतीबाईसारखे मिटलेले. वैभवीने चमचा पुढे केला आणि चक्क आपल्या वऱ्हाडीत म्हणाली, "मामाजी जेवले, आत्याबाई. आता तुमी घ्या."

आणि त्या बाईने तोंड उघडले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याबाई हे नाते आमच्या घरचे, ते तिने तिकडे नेऊन लावले. आणि मी जेवलो ही बातमी परदेशात रोज कोणाच्या परवानगीने दिली जाते? मी तर जेवलोही नव्हतो. एवढ्यात तिची बाही वर सरकली आणि मनगटात पाटली दिसली. गोमतीबाईची पाटली. मी ओरडणार, तोच माझे लक्ष खाटेकडे गेले. तो आवाज ऐकून गोमतीबाईनेही तोंड उघडले होते.

मी कागद टाकून वाटी उचलली, चमचा भरला, तिच्या ओठांपर्यंत नेला. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिने पाहिले माझ्या ताटाकडे. ताटावर झाकण तसेच होते. तिने तोंड मिटले आणि डाव्या हाताने चमचा माझ्याकडे लोटला.

साहेब, बावन्न वर्षांचा संसार झाला. या बाईने माझ्याआधी कधी अन्नाला हात लावला नाही हे मला आज, त्र्याहत्तराव्या वर्षी, एका झाकलेल्या ताटावरून कळले. मी कचेरीतून कितीही उशिरा आलो तरी ती म्हणायची, "तुमी घ्या, माहं झालं मघाच." मी ताटावरून उठून चूळ भरायला अंगणात गेलो की ती बसायची. मी कधी वळून पाहिले नाही. आणि आता मी तिच्या प्रेमापोटी नेम धरला की तिचे आधी, माझे नंतर. म्हणजे मी माझ्या हाताने तिला उपाशी ठेवत होतो, आणि ती मला खुणेने सांगत होती की आधी तुमी. मला वाटले ती मला झिडकारते आहे.

मी झाकण काढले. भाकरी गार झाली होती. तिच्यासमोर बसून खाल्ली, वरणात बुडवून. दोन घासांवर थांबलो तर तिने डोळे वटारले, तेव्हा अख्खी संपवली. मग म्हणालो, जेवलो मी. तरी तोंड उघडेना. मी चूळ भरून येईपर्यंत ती थांबली. मग वाटीतल्या साऱ्या कण्या खाल्ल्या, वाटी निपटून घेतली. अर्जात रडू नये हा माझा नियम मी पाळला आहे. वाटी हातात असताना मी अर्ज लिहीत नव्हतो, तेव्हा तो पाळला गेला नाही.

हरीओम आला तर दारातच उभा राहिला. मी त्याला कारण सांगितले. तो म्हणाला, "बाबा, तुमाले मालूम नवतं? वैभवी रोज तेच तं सांगे आईले. मले वाटे तुमी जेवूनच भरवता." फ्लेक्सखाली बेबीबाईंनी विचारले तेच वाक्य माझ्या पोटच्या पोराने विचारले. भिंतीवरच्या कागदात हे का लिहिले नाही, असे मी म्हणालो. त्याचे म्हणणे पडले की बाई नवऱ्याच्या मागून जेवते हे काय कोणी लिहून ठेवते? ते घरातल्या माणसाला ठाऊकच असते.

मग पाटलीचे विचारले. तर ती चोरी नव्हती. मी निंबाखाली सत्काराचे भाषण करत होतो तेव्हा घरात गोमतीबाईने लुळ्या हातातली पाटली डाव्या हाताने, साबण लावून, ओढून काढली आणि सुनेच्या मनगटात घातली. सून रडत होती, जात नाही म्हणत होती. हिने दाराकडे बोट दाखवले. निघेपर्यंत सुनेने ती पाटली पेटीत लपवली. मी गोमतीबाईला विचारले, हे खरे का? तिने मान हलवली. वरून हसली. अर्ध्या तोंडाने हसली, पण हसली.

१३. म्हणजे साहेब, दगा सुनेने दिला, मुलाने दिला, गावाने दिला, आणि त्या कटाची पुढारी माझी बायको निघाली. त्याहून मोठा दगा हा की तिने उभ्या जन्मात 'माहं झालं' म्हणून मला फसवले, आणि मी मजेत ढेकर देत राहिलो. मला हे फार लागले आहे. या प्रकरणी कोणते कलम लागू होते ते मला ठाऊक नाही. मी पुष्कळ अधिनियम हाताळले, असे कलम पाहण्यात नाही.

१४. वरील सर्व परिस्थितीत माझ्या विनंतीत पुढीलप्रमाणे दुरुस्ती करण्यात यावी. परिच्छेद ५ मधील चोरीचा संशय मागे घेतो, व त्या मॅडम आणि सर यांचा सत्कार कायम ठेवतो. परिच्छेद ११ मधील परदेशी आजीबाईंना केनवडला आणण्याची मागणीही मागे घेतो. मात्र त्यांचे 'मामाजी' कोण, हयात आहेत की गेले, ते मला कळले नाही. बहुधा ती बाईही कोणाच्या तरी मागून जेवत आली असेल. किंवा वैभवीचा आवाजच तसा असेल. हरीओमने आकडे शिकावेत, पण बैलांसमोर नको, ते बावचळतात.

सुनेला परत बोलावण्याचा आग्रह मी आता धरत नाही. तिला माफ केले असा अर्थ मात्र यातून काढू नये. सांगून गेली असती तर मी चार दिवस आदळआपट केली असती, आणि पाचव्या दिवशी मीच तिला रिसोडच्या गाडीत बसवून दिले असते, असे आता वाटते. तिने मला तेवढी संधी द्यायला पाहिजे होती.

१५. शेवटी एकच काम शासनाने करावे. गोमतीबाईची वाटी रिकामी होत असताना वैभवी तांब्यावरून पालथ्या पडलेल्या फोनातून ओरडून विचारत होती, "आत्याबाई, खाल्लं का? कोनी भरवलं?" मी उत्तर देणार नव्हतो, अबोला आहे. हरीओम उत्तर देईपर्यंत रेंज गेली, ती अजून आलेली नाही. तिकडे ती पोरगी काळजीत असेल. मला स्वतः बोलता येत नाही. तरी आपल्या कार्यालयामार्फत, योग्य त्या मार्गाने, गैरअर्जदाराला कळविण्यात यावे की तिने तिकडे रोज जे सांगायचे ते खुशाल सांगावे. ते यापुढे खोटे असणार नाही, कारण मी इकडे रोज त्याआधी ताटावर बसेन. आणि आजच्यापुरते एवढेच कळवावे :

मामाजी जेवले. आत्याबाईही जेवल्या.

जेवून, चूळ भरून, सही करणारा
आपला दुखावलेला परंतु नम्र,
(सही)
जानराव तुकाराम इढोळे
केनवड, ता. रिसोड
दिनांक : ११ डिसेंबर २०२५

सोबत :
१) फ्लेक्सचे छायाचित्र.
२) डॉक्टरांची नळीबाबतची चिठ्ठी. आता लागणार नाही, तरी जोडली आहे.

टीप : परिच्छेद ११ वरील वरणाचा डाग अर्जदाराच्या जेवणाचा असून तो पुरावा म्हणून ग्राह्य धरावा.